आगोटीचा हिशेब

मे सरत आलाय. माहुलीच्या सुळक्यांवर ढग अडकू लागलेत आणि तुम्ही शहापूरच्या पेठेत, वाण्याच्या दुकानापुढे उभे आहात. साल १९४३. डोक्यावर मोहफुलांची पाटी, कमरेला कोयता. डोंगरपायथ्याच्या ठाकरवाडीतून पहाटेच निघालात, कारण ओढे एकदा भरले की पेठेत येणं व्हायचं नाही. आगोट भरायचीय: मीठ, सुकट, मिरच्या, गूळ, तंबाखू आणि मिळालंच तर रॉकेल. लढाईमुळे सगळ्याचीच टंचाई आहे.

दुकान म्हणजे शेटच्या घराची ओटी. फळ्या काढून भिंतीला टेकवल्यात. आत गादी, गादीपुढे उतरतं मेज, त्यावर लाल कापडात बांधलेली वही. त्यामागे माजघरात सून तांदूळ पाखडतेय. पोत्यावर बसलेला धाकटा मुलगा पाढे घोकतोय, पावकी, निमकी, दिडकी.

शेट मोहफुलं मापतो. पायली काठोकाठ भरते, वर शीग चढते, शीग ओघळली की तो पुन्हा भरतो. मग तुमचं मीठ मापायला घेतो. आता मात्र मापावरून हात फिरतो आणि शीग पोत्यात परत जाते. तुम्ही हे बघता, शेटही तुम्हाला बघताना बघतो. कोणी काही बोलत नाही.

‘‘भात किती घालू?’’

‘‘मणभर घाला, शेट.’’

‘‘दिवाळीनंतर दीड मण होईल हां.’’

तुम्ही मान हलवता. आषाढात घरात दाणा नसेल, तेव्हा दुसरं दार कुठलं? वहीत शाईचा अंगठा उमटतो. पोत्यावरचा मुलगा घोकतोय ती दिडकी उद्या याच हिशेबाला लागणार आहे.

बाहेर मुरबाडकडचा एक गाडीवान दबक्या आवाजात भाई कोतवालांची आठवण काढतोय. २ जानेवारीला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी भाई आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील गेले. कर्जतकडच्या गावांत भाईंनी शेतकऱ्यांसाठी धान्याची पेढी उभी केली होती, सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून. इंग्रजांशी लढणाऱ्या माणसाला भाताच्या कणगीपासून सुरुवात करावीशी वाटली, हे मला त्यांच्या आयुष्यातलं फार मोठं काम वाटतं.

आता गल्ल्याच्या पलीकडे या. १९६२. पोत्यावरचा तो मुलगा गादीवर बसलाय आणि तो तुम्हीच आहात. तराजूत नवी षटकोनी लोखंडी वजनं आहेत. जुना शेर ९३३ ग्रॅमचा, किलो त्याहून मोठा. त्यामुळे शेराच्या भावात किलो मिळणार नाही, हे दिवसातून दहादा समजवावं लागतं. गिऱ्हाईक शेरच मागतं. नवे पैसे येऊन पाच वर्षं झाली तरी आण्याचाच हिशेब चालतो. चार आण्यांचे पंचवीस पैसे सरळ होतात. एका आण्याचे सव्वासहा होतात, आणि पाव पैसा कोणाच्या पदरी जातो यावर म्हातारी कोतारी तुमच्याकडे संशयानं बघतात. वडिलांच्या हातानं पुसलेली शीग त्यांना आठवत असणारच.

पण तुमच्याही गळ्याला फास आहे. माल मुंबईच्या मशीद बंदरातून येतो. १८५५ ला वासिंदपर्यंत पोचलेली आगगाडी १८६१ ला कसाऱ्यापर्यंत गेली, तरी शहापुरात स्टेशन झालं नाही. आसनगावला उतरलेली पोती गाडीनं आणायची, भाडं वेगळं. घाऊक व्यापारी दिवाळीपर्यंत थांबत नाही. वाडी थांबवते, मुंबई थांबत नाही, आणि दोन्हींच्या मध्ये घरातले दागिने गहाण पडतात.

पुढची वर्षं भराभर उलटा. १९७२ ला आदिवासी विकास महामंडळ आलं. १९७६ च्या कायद्यानं आदिवासी भागातला धान्य आणि वनोपजाचा खाजगी व्यापार बांधला गेला. मोहफुलांची पाटी दुकानात येईनाशी झाली. हे व्हायलाच हवं होतं. पेठेतली काही घरं यावर अजून चिडून बोलतात. मला त्यांचं पटत नाही.

२०२०, मार्च संपतोय. तुम्ही पुन्हा फळीच्या अलीकडे. कोरोनाच्या टाळेबंदीत वीटभट्टी बंद पडलीय, उचल फिटलेली नाही, हाती पैसा नाही, पोरांना घेऊन वाडीत परतलात. हमरस्त्यावरून कसारा घाटाकडे माणसांची रांग चाललीय, डोक्यावर बोचकी, काखेत मुलं. दुकान अर्धं उघडं आहे. गल्ल्यावर शेटच्या घरची नातसून बसलीय, तोंडाला पदर बांधून. ती चालणाऱ्यांच्या हातात बिस्किटांचे पुडे ठेवते. मग तुमच्याकडे वळते.

‘‘काका, तांदूळ किती देऊ?’’

‘‘पैसे नाहीत गं.’’

‘‘ते मी विचारलंच नाही.’’

वहीत दहा किलो तांदूळ, तेल, मीठ लिहिलं जातं. दिडी नाही, सवाई नाही, अंगठाही नाही; फक्त नाव आणि तारीख. पुडक्यांवर किंमत छापलेली असते, वजनात हात मारायला जागा राहिलेली नाही, म्हणूनही हे सोपं झालंय. तरी तिनं वही उघडली, हे तिचंच.

आज गल्ल्याशेजारी क्यूआर कोडचा चौकोन चिकटवलाय. नोकरीवाले फोन पुढे धरतात आणि निघतात. वही मात्र खालच्या खणात आहेच, कारण भट्टीचा हिशेब अजून हंगामाच्या शेवटीच होतो आणि पोरांना रोज जेवायला लागतं. वाडीत महिन्याच्या महिन्याला पगार येऊ लागेपर्यंत नातसून दर लक्ष्मीपूजनाला नवी वही आणत राहील.