भोपाळचा माल, पिथमपूरची भट्टी

२०२५ सालच्या पहिल्याच रात्री भोपाळहून बारा कंटेनर निघाले आणि पहाटे आमच्या इंदूरजवळच्या पिथमपूरला पोचले. आत युनियन कार्बाईडच्या बंद कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा होता.

१९८४ च्या डिसेंबरात ज्या वायूने भोपाळात माणसे मारली, त्याचाच हा अवशेष, असे मीही समजत होतो. ते खरे नव्हे. वायू त्याच रात्री निघून गेला. हे विष त्याच्याही आधीचे. १९६९ पासून कीटकनाशके करताना उरलेला गाळ कंपनीने आवारात पुरला, १९७७ नंतर बाहेरच्या तलावांत वाळत घातला. तो झिरपत झिरपत वस्तीच्या हातपंपांत उतरला. वर गोळा केलेला माल २०१२ मध्ये जर्मनीला न्यायचे घाटत होते. तिकडे विरोध झाला आणि बेत बारगळला.

विरोध पिथमपुरातही झाला. ३ जानेवारीला गाव बंद, आणि दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. मला तो अतिरेक वाटला. पण होळकरांच्या वेळच्या यशवंत सागरचे पाणी मीही पितो; ते नासेल ही धास्ती इंदुरात घरोघरी होती.

जूनअखेर सारे जाळून झाले. आम्लवायू मारण्यासाठी चुना वगैरे घालावा लागतो, म्हणून राख मूळ मालाहून जास्त, आठशे टनांवर भरली! ती कुठे पुरायची, यावर पुन्हा न्यायालय.

आणि भोपाळात? ‘नीरी’च्या २०१० च्या अहवालात तिथल्या दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन आहे. कंटेनरांत गेले ते ३३७ टन.