विडीच्या कट्ट्यावरील पंधरा टक्के

आजची कथा तळहाताएवढ्या एका कागदाची आहे. विडीच्या कट्ट्याभोवती गुंडाळलेल्या रंगीत वेष्टनाची.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात या कागदाचे मूळ शोधणे सोपे आहे. इथल्या रानात तेंदूची, म्हणजेच टेंभुर्णीची झाडे विपुल आहेत. उन्हाळ्यात पाने खुडायची, सत्तर-सत्तर पानांचा पुडा बांधायचा आणि तो फळीवर नेऊन द्यायचा, हा इथल्या खेड्यांचा जुना क्रम. हावडा-मुंबई लोहमार्गावरील जंक्शनमुळे गुजरातेतून तंबाखू येणे सुकर झाले आणि तयार विडी दूरच्या गिरण्या-खाणींपर्यंत पोहोचू लागली. विड्या वळणाऱ्या हात मात्र बहुतांशी घराच्या ओसरीवर बसलेल्या बायकांचे. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने.

विडी कोणाचीही असो, दिसायला सारखीच. मग गिऱ्हाइकाने आपली विडी ओळखायची कशी? त्यातून ते गिऱ्हाईक अनेकदा निरक्षर. उत्तर कागदावर होते. एखादा प्राणी, एखादे दैवत, ठसठशीत आकडा, नाहीतर फेटा-टोपीतला खुद्द मालक! विसाव्या शतकाच्या आरंभापासून अशा नाममुद्रांची नोंदणी होऊ लागली. ज्याला अक्षर वाचता येत नाही तो रंग आणि चित्र वाचतो. म्हणून वेष्टन बदलणे म्हणजे गिऱ्हाईक गमावण्याचा धोका. आजही ही वेष्टने जुन्या कॅलेंडरसारखी दिसतात, त्याचे कारण कारखानदारांची अभिरुची नव्हे, सावधगिरी होय.

अलीकडचे उदाहरण पुण्याकडचे. ‘संभाजी बिडी’ हे नाव बदलावे अशी मागणी २०२० मध्ये तीव्र झाली. उत्पादकांनी ती मान्य केली, पण नाव रातोरात पुसले नाही. अवधी घेतला आणि २०२१ मध्ये ‘साबळे बिडी’ बाजारात आली.

हाच कागद पुढे शासनाच्याही हाती आला. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने जाहिरातींवर बंदी घातली, परंतु पाकिटावरील मजकूर त्या बंदीतून वगळला. म्हणजे विडीची उरलेली मुख्य जाहिरात तिचे वेष्टनच! तेव्हा घाला तिथेच पडणार, हे उघड होते.

पहिला घाव जोरदार घालण्याचा बेत होता. २००६ च्या अधिसूचनेत कवटी आणि आडवी हाडे होती. विडी उद्योगाने गहजब केला, लाखो कामगारांची रोजी पुढे केली. त्या युक्तिवादात सोय होती तसे सत्यही होते; ओसरीवरच्या बाईला दुसरे काम कोण देणार होते? अखेर कवटी गेली. ३१ मे २००९ पासून पाकिटाच्या केवळ पुढल्या बाजूचा चाळीस टक्के भाग इशाऱ्याला मिळाला. धूम्रपानाच्या वस्तूंवर फुफ्फुसांचे चित्र आले, तेही इतके सौम्य की पाहणाऱ्याला उमगणे कठीण. डिसेंबर २०११ मध्ये चित्रे बदलली. त्यांतल्या एका चेहऱ्याचे इंग्लंडच्या एका फुटबॉलपटूशी साम्य निघाले आणि विलायतेपर्यंत चर्चा झाली! २०१३ मध्ये पुन्हा नवी चित्रे आली. मग पंच्याऐंशी टक्क्यांचा नियम, दोन्ही बाजूंना. तो १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. वर्षभर लांबला आणि १ एप्रिल २०१६ ला अमलात आला.

या संथपणाला अनेकांनी कच खाणे म्हटले, आणि ते निराधार नव्हते. पण त्यामुळे एक गोष्ट साधली: पायरीपायरीला मोजमाप घेता आले. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षण भारतात दोनदा झाले. २००९-१० मध्ये, इशारा पाहून सोडावेसे वाटले असे सांगणारे विडी ओढणारे २९.३ टक्के होते. २०१६-१७ मध्ये ५३.८ टक्के. प्रौढांमधील विडी ओढणाऱ्यांचे प्रमाण मात्र ९.२ वरून ७.७ टक्क्यांवर आले. वाटणे आणि सोडणे यांतले अंतर या आकड्यांत स्पष्ट दिसते. शिवाय ही घट केवळ चित्रांमुळे झाली असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पंच्याऐंशी टक्क्यांचा नियम रद्द केला. जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. सप्टेंबर २०१८ पासून इशाऱ्यात व्यसन सोडण्यासाठी मदतीचा दूरध्वनी क्रमांकही आला. उरलेल्या पंधरा टक्क्यांत आजही तोच आकडा, तोच प्राणी आणि तोच फेटेवाला मालक दाटीवाटीने उभे आहेत.