तांडा, तंबू आणि कॅरॅव्हॅन : बडनेऱ्याहून दिसणारा मुक्कामाचा इतिहास

१/१४
बडनेरा स्थानकावर उतरून चिखलदऱ्याची वाट धरणाऱ्या तरुणांच्या पाठीवर आज तंबूची गुंडाळी दिसते. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा चाकांवरचे घर घेऊन तळ्याकाठी मुक्काम करणे ही अगदी नवी गोष्ट वाटली. वऱ्हाडाला मात्र ती नवी नव्हती. आजचा धागा या जुन्या मुक्कामांविषयी आणि ते करण्याचा हक्क कोणाला होता याविषयी.

२/१४
प्रथम शब्द पाहू. 'कॅरॅव्हॅन' हा शब्द इंग्रजीत आला तो फारसी 'कारवान'वरून. मूळ अर्थ गाडी नव्हे, एकत्र प्रवास करणारा व्यापाऱ्यांचा समूह. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे : तांडा. वऱ्हाडच्या वाटांवर शतकानुशतके चालला तो बंजाऱ्यांचा तांडा. किनाऱ्यावरच्या मिठागरांतील मीठ देशावर आणायचे आणि देशावरचे धान्य, कापूस दूरच्या बाजारांत न्यायचा, हा त्यांचा व्यवसाय. 'लमाण' हे नाव 'लवण' म्हणजे मीठ या शब्दावरून आले, असे मानले जाते.

३/१४
सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने असे तांडे पाहिले होते. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असत, असे तो लिहितो. अरुंद वाटेवर तांडा समोरून आला, तर तो सरेपर्यंत प्रवाशाला दोन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे. बायकामुले, भांडीकुंडी, देव सारे बरोबर. घर असे नव्हतेच. पाल हेच घर.

४/१४
मुक्कामाची जागा ठरवी तो नाईक. जवळ पाणी हवे आणि भोवती चराई हवी. पाठीवरच्या गोण्या उतरवून त्यांची रांगेने भिंत रचत. रात्री तीच तटबंदी. जिथे पाणी कमी, तिथे बंजाऱ्यांनी विहिरी आणि तळी खोदल्याच्या कथा मध्य भारतात जागोजागी ऐकू येतात. मध्य प्रदेशातील सागर शहराचे तळे आजही लाखा बंजाऱ्याच्या नावाने ओळखले जाते.

५/१४
या मुक्कामाच्या हक्काची एक कथा वऱ्हाडातील बंजाऱ्यांत सांगितली जाई. शहाजहानच्या काळी असफखानाच्या फौजेबरोबर भंगी आणि जंगी हे दोन नाईक दक्षिणेत आले. फौजेला रसद अखंड मिळावी म्हणून खानाने त्यांना ताम्रपट दिला : पाणी कमी पडले तर लोकांच्या रांजणातून घ्यावे, चारा कमी पडला तर छपराचे गवत घ्यावे. कथेचा तपशील इतिहासाच्या कसोटीला उतरो न उतरो, तिच्यातली जाणीव खरी आहे. पाणी आणि चाऱ्याचा हक्क नसेल, तर भटक्याचा मुक्काम टिकत नाही.

६/१४
आणि सत्तेलाही तांड्याची गरज होती. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगाव आणि १५ डिसेंबरला गाविलगड जिंकणाऱ्या आर्थर वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवण्यात बंजाऱ्यांचे बैल होते. शांततेच्या काळात हेच बैल अमरावतीचा कापूस शेकडो मैल दूर मिर्झापूरला नेत. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस रवाना केल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे.

७/१४
येथे बडनेरा कथेत प्रवेश करते. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळहून वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. अमरावती मुख्य मार्गापासून बाजूला राहिली. म्हणून १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत सुमारे सहा मैलांचा फाटा टाकण्यात आला. ज्या कापसासाठी लाख बैल लागत, तो आता डब्यांत भरून थेट मुंबई बंदराकडे जाऊ लागला. तांड्याचा व्यवसाय एका पिढीत मोडला.

८/१४
त्याच १८७१ सालात आणखी एक गोष्ट घडली. इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. प्रथम तो उत्तरेपुरता होता. १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती सर्व ब्रिटिश हिंदुस्थानावर नेण्याची सोय झाली. नोंदणी, ठरलेल्या वेळी हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी. जो फिरतो तो संशयित, हे सूत्र कायद्यात उतरले. वर सांगितलेली ताम्रपटाची कथा कागदावर उतरवणारा एन. आर. कम्बरलेज हा वऱ्हाडातील पोलीस अधिकारी होता, हा काही योगायोग नव्हे. भटक्यांची माहिती गोळा करणे हे आता पोलिसांचे काम झाले होते.

९/१४
याच काळात दुसरा एक फिरता मुक्काम वऱ्हाडच्या आमरायांत दिसे : साहेबाचा दौरा. हिवाळा लागला की जिल्ह्याचा अधिकारी महिनोन्महिने तंबूत राही. तंबूंचे दोन संच असत. एकात साहेब झोपलेला असताना दुसरा रात्रीच बैलगाड्यांवर लादून पुढच्या मुक्कामी जाई. सकाळी साहेब घोड्यावरून पोहोचेपर्यंत तंबू उभा आणि चहा तयार. पाणी, सावली, चारा : जागेची निवड अगदी नाईकासारखीच.

१०/१४
फरक होता तो खर्चात. साहेबाच्या मुक्कामासाठी गाड्या, दूध, कोंबड्या, सरपण आणि माणसे गावाने पुरवायची. दर मिळालाच तर सरकारी, आणि तोही मधल्या हातांतून गळत गळत. हिंदुस्थानभर या वेठबिगारीविषयी असंतोष होता. १९२१ च्या जानेवारीत कुमाऊँमधील बागेश्वरला लोकांनी बेगारीच्या वह्या शरयू नदीत फेकून दिल्या. तंबू तोच, आमराई तीच. एकाचा मुक्काम राज्यकारभार ठरला आणि दुसऱ्याचा संशयास्पद हालचाल.

११/१४
उन्हाळ्यात साहेब डोंगरावर जाई. समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवरचे चिखलदरा कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ मध्ये 'शोधले', असे सांगतात. कोरकू आणि गवळी त्या पठाराला आधीपासून ओळखत होते. शेजारच्या गाविलगडाच्या नावातच गवळी आहे. बंगले उभे राहिले, आणि थंड हवेचा मुक्काम ही वऱ्हाडच्या अधिकाऱ्यांची रीत झाली. मेळघाटात वनखात्याची विश्रामगृहे आली. सिपना नदीकाठचे कोलकास आणि सेमाडोह येथील मुक्काम याच परंपरेतले.

१२/१४
हाच विरोधाभास इंग्लंडातही दिसतो. १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स या निवृत्त नौदल डॉक्टरने निव्वळ हौसेसाठी घोड्यांनी ओढायचे एक ऐषारामी घर बांधवून घेतले आणि त्याचे नाव ठेवले 'वॉन्डरर'. हौशी कॅरॅव्हॅन प्रवासाचा आरंभ बहुधा येथून मानतात. ती कल्पना त्याने उचलली जिप्सींच्या गाड्यांवरून. १९०७ साली हौशी मंडळींचा कॅरॅव्हॅन क्लबही निघाला. ज्यांच्याकडून ही रीत घेतली, त्या जिप्सींना मात्र गावोगावच्या माळांवरून हुसकावले जात होते.

१३/१४
गुन्हेगार जमाती कायदा स्वतंत्र भारतात रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. हा दिवस आज विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा आजही आहेत. दरम्यान तांडे स्थिरावले होते. विदर्भातील अनेक वस्त्यांच्या नावात 'तांडा' हा शब्द उरला, पण बैल गेले. पुसदजवळच्या गहुलीत, अशाच बंजारा समाजात १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

१४/१४
तेव्हा मित्रहो, पुढच्या सुटीत बडनेऱ्याला उतरून डोंगराकडे निघाल, तेव्हा फलाटावर क्षणभर थांबा. याच रुळांनी लाख बैलांची वाट संपवली. रात्री पाण्याकाठी तंबू ठोकाल, तेव्हा तुम्हाला कोणी हजेरी मागणार नाही. तुम्ही पर्यटक आहात. त्याच रात्री वाटेवर कुठे एखादे मेंढपाळाचे किंवा ऊसतोड कामगाराचे पाल दिसले, तर गावाने त्यांना पाणी दिले का, एवढे विचारून पाहा.