दिवा काय सांगतो आणि काय सांगत नाही

डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातलं उदाहरण आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवलं. गेल्या पावसाळ्यात आमच्या बारा वर्षांच्या गाडीने आमच्याकडून त्याची उजळणी करून घेतली.

साताऱ्याला निघालो होतो. खंबाटकी घाटात, भर पावसात, एका वळणावर एबीएसचा आणि स्टिअरिंगचा असे दोन दिवे एकदम लागले. गाडी बाजूला घेतली, बंद करून पुन्हा चालू केली, तर दिवे गायब! मग आठवड्यातून एक-दोनदा हाच प्रकार. सर्व्हिस सेंटरने अंदाजपत्रक हातात ठेवलं: एबीएस युनिट बदला, ७४,००० रुपये. आता पेन्शनर माणसाला दोन भीती असतात. एक पैसे जाण्याची, आणि दुसरी, पैसे वाचवताना जीव जाण्याची. त्यात ब्रेकचा मामला, आणि शेजारच्या सीटवर आमची सौ.

हा दिवा आला कुठून, ते आधी बघू. सुरुवातीच्या गाड्यांत दिवे नव्हतेच. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पेट्रोल किती उरलंय हे टाकीत काठी बुडवून बघत. पुढे काटे आले: तेलाच्या दाबाचा, विजेचा, तापमानाचा. काटा माप सांगतो. अर्थ चालकाने लावायचा. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीने तेलाच्या आणि विजेच्या काट्यांऐवजी दिवे बसवले. लोकांनी अशा दिव्यांना नाव ठेवलं, ‘इडियट लाइट’. नाव उद्धट आहे, पण त्यात एक निरीक्षण आहे. माप गेलं आणि नुसता इशारा उरला.

दुसरं वळण धुराने आणलं, तेही खऱ्या धुराने! लॉस एंजेलिसच्या हवेत १९४० च्या दशकात डोळे चुरचुरायला लागले. रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी त्याचा संबंध गाड्यांच्या धुराशी जोडून दाखवला. त्यातून कायदे आले, आणि धूर आटोक्यात ठेवायला गाडीत संगणक आला. गाडीने स्वतःचा दोष स्वतः नोंदवावा, अशी सक्ती आधी कॅलिफोर्नियाने केली. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकच सोळा पिनांचं सॉकेट आणि एकच सांकेतिक भाषा आली, ओबीडी-२. भारतात ती बीएस-४ च्या काळात रुजली.

म्हणजे गेलेलं माप परत आलं, पण कोडच्या रूपात. इंजिनाच्या दिव्याचा नियम बघा. बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले तरच तो लागतो, आणि लागोपाठ तीन फेऱ्यांत दिसले नाहीत तर विझतो. पण विझल्यावरही कोड काही काळ स्मृतीत राहतो. म्हणून येणारा-जाणारा दिवा म्हणजे भास नव्हे.

मात्र ही सक्ती धुराशी निगडित दोषांपुरती होती. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांचे कोड बऱ्याच अंशी कंपन्यांच्या खास यंत्रांकडेच राहिले. आपल्याकडे हा वाद स्पर्धा आयोगापुढे गेला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नाही, म्हणून आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. त्यावर अपिलं झाली, ते वेगळं. प्रश्न असा की निदान कुणाच्या मालकीचं?

आता आमच्या ७४,००० कडे येऊ. नैयायिक ज्याला सव्यभिचार हेतू म्हणतात, तो इथे होता. म्हणजे असं लक्षण, जे एका कारणाशी एकनिष्ठ नसतं. पी०४२० हा कोड घ्या. तो दिसला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, असं सांगतात. पण सायलेन्सरच्या पाइपात गळती असली तरी तो येऊ शकतो. कोड संशयिताचं नाव देतो; गुन्हा तपासाने सिद्ध करायचा असतो.

आम्ही सेंटरला तीन प्रश्न विचारले. कोड लेखी द्याल का? युनिटच खराब आहे हे कुठल्या तपासणीने ठरलं? आणि बदलूनही दिवा लागला तर? कोडचा कागद मिळाला. त्यात कमी व्होल्टेजची नोंद होती, दोन्ही यंत्रणांमध्ये. बाकी दोन प्रश्नांना उत्तर एकच: “सर, असंच असतं.”

दोन वेगळ्या यंत्रणा एकाच क्षणी कशा बिघडतील? पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू ठेवलं, आम्हाला स्टिअरिंग फिरवायला लावलं, आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक व बॉडी यांच्यामध्ये मीटर धरला. जवळजवळ शून्य हवं, तिथे ०.९ व्होल्ट! अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. घाटात पावसात हाच भार पडत होता. नवी वायर, बोल्ट घासून साफ, ९०० रुपये. दिवे परत लागले नाहीत.

पण यावरून सर्व्हिस सेंटर लुटारूच असतं असं कुणी म्हणाल, तर तोही सव्यभिचार हेतूच. कधी युनिट खरंच जातं. आणि तेलाच्या दाबाचा किंवा ब्रेकचा लाल दिवा लागला तर तर्क करत बसू नका, गाडी थांबवा. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर तीही ताबडतोब थांबायची खूण. तर्क नंतर, अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी करायचा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.