भिंतीला व्यंगचित्रांची बॉर्डर: जॉर्जियन काळातली ही फॅशन काय होती?

आज खोलीत हौसेने स्टिकर किंवा पोस्टर चिकटवतात. सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये त्यासाठी व्यंगचित्रांच्या छापील पट्ट्या विकत मिळायच्या.

जॉर्जियन म्हणजे कोणता काळ?

इथे जॉर्जिया देशाचा संबंध नाही. १७१४ ते १८३० या काळात ब्रिटनच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज बसले. त्यांच्यावरून हे नाव पडलं.

पट्ट्या कशासाठी?

वॉलपेपरच्या कडा आणि तिथले खिळे झाकायला कागदी बॉर्डर लावत. श्रीमंत घरांत चित्रं थेट भिंतीवर चिकटवून सजवलेल्या खास खोल्याही असत. आयर्लंडमधल्या कॅसलटाऊन हाऊसमध्ये अशी खोली आजही आहे. व्यंगचित्रांची बॉर्डर या दोन सवयींच्या मेळातून आली.

ती कोणी काढली?

सगळ्यात गाजलेली मालिका १७९९ मध्ये लंडनच्या रुडॉल्फ अकरमन यांनी काढायला सुरुवात केली. कल्पना जॉर्ज वुडवर्ड यांची, तर तांब्याच्या पत्र्यावरचं कोरीव काम थॉमस रोलंडसन यांचं. एका मोठ्या कागदावर चित्रांच्या आडव्या रांगा असत. त्या कापायच्या आणि एकापुढे एक जोडून चिकटवायच्या. कपडे बदलायची खोली, बिलियर्डची खोली, घडीचे आडोसे अशा जागांसाठी ही मालिका असल्याचं तिच्या नावातच छापलं होतं.

चित्रांत काय असे?

भांडणारी जोडपी, नटवे तरुण, लठ्ठ आणि काटकुळी माणसं. म्हणजे मंत्र्या-राजांपेक्षा रोजच्या आयुष्यातली पात्रं. राजकीय विनोद बातमीबरोबर शिळा होतो, पण भिंतीवरची बॉर्डर वर्षानुवर्षं बघायची असते.

मग आज ती दिसत का नाही?

खोली नव्याने सजवली की जुना कागद खरवडून टाकला जाई. त्यामुळे ज्या पट्ट्या खरोखर वापरल्या गेल्या, त्यातल्या बहुतेक भिंतीबरोबरच संपल्या. डर्बीशायरमधल्या कॅल्क ॲबी या वाड्यातली व्यंगचित्रांनी भरलेली खोली हा दुर्मीळ अपवाद. तिथे मात्र पट्ट्या नव्हे, तर अख्खी व्यंगचित्रं चिकटवलेली आहेत.

ब्रिटिश म्युझियम आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये या मालिकेचे न कापलेले कागद आहेत. ते टिकले, कारण कोणी ते भिंतीला लावलेच नाहीत.