ऊन, वीज आणि मालकी

पूर किती आला हे नाशिककराला वर्तमानपत्रातून समजावून घ्यावे लागत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले, एवढे कोणी सांगितले की गावाला काय ते कळते. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या सालांचे पूर आपण याच मापाने आठवतो. हे माप कोणा सरकारी खात्याने ठरवून दिलेले नाही. नदीकाठी राहणाऱ्यांना त्याची गरज होती, म्हणून ते रूढ झाले. उन्हाच्या बाबतीत मात्र असे माप गावापाशी नाही. ऊन वाढले असे जो तो म्हणतो. परंतु आपले आजोबाही तेच म्हणत असत, आणि म्हणून ‘हे नेहमीचेच’ असे म्हणून विषय संपविला जातो. तेव्हा या उन्हाची मोजणी कशी झाली, हे आम्ही प्रथम सांगणार आहोत. त्यानंतर त्या मोजणीतून पुढे आलेल्या एका उपायाची, म्हणजे घराच्या छपरावर तयार होणाऱ्या विजेची, तपासणी करावयाची आहे. ती आम्ही कामगार चळवळीच्या नजरेने करणार, हे आरंभीच सांगितलेले बरे.

कारखान्यात एखाद्या माणसाची एका दिवसाची गैरहजेरी पाहून कोणी त्याच्याविषयी मत बनवीत नाही. वर्षभराचे मस्टर काढून पाहतात. हवामानाचेही तसेच आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपीट झाली; नोव्हेंबर २०२३ मध्ये निफाडकडे द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे, पण एका गारपिटीवरून पृथ्वी तापली असे सिद्ध होत नाही. त्यासाठी मस्टरच पाहावे लागते.

हे मस्टर कोणी लिहिले? १८२४ साली फूर्ये या फ्रेंच गणितज्ञाने असा विचार मांडला की, पृथ्वीभोवतालची हवा उष्णता धरून ठेवते. १८५६ मध्ये युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या, तेव्हा कर्बवायूची नळी सर्वांत अधिक तापली. १८५९ मध्ये टिंडॉल याने प्रयोगशाळेत हाच गुण काटेकोरपणे मोजला. १८९६ मध्ये स्वीडनचा आर्हेनियस कागद-पेन्सिल घेऊन बसला, आणि कोळसा जाळून हवेतला कर्बवायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल याचे गणित त्याने केले.

या मंडळींत आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो तो गाय कॅलेंडर. हा हवामानखात्याचा नोकर नव्हे. वाफेच्या यंत्रांवर काम करणारा इंग्रज इंजिनियर. आपल्या फावल्या वेळात त्याने जगातील १४७ ठिकाणच्या तापमानाच्या जुन्या नोंदी गोळा केल्या, हाताने आकडेमोड केली, आणि १९३८ साली दाखवून दिले की, पृथ्वी तापत चालली आहे व धुराड्यांतून निघणारा कर्बवायू त्याला कारण असावा. त्या काळच्या तज्ज्ञांनी त्याच्याकडे संशयाने पाहिले. ज्यांनी रात्रीच्या दिव्याखाली स्वतःच पुस्तके वाचून विद्या मिळविली आहे, त्यांना कॅलेंडरची हकीकत मुद्दाम सांगावीशी वाटते. पुढे १९५८ मध्ये कीलिंग याने हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर रोजची मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे ३१५ भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी ते २८० च्या आसपास होते.

यावर एक शंका नेहमी घेतली जाते: सूर्यच अधिक तापला नसेल कशावरून? शंका रास्त आहे, आणि तिला उत्तरही आहे. सूर्य तापला असता तर हवेचे खालचे व वरचे असे सर्वच थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि फार उंचावरचा थर थंड होतो आहे. अंगावर घोंगडी घेतली की उष्णता आत अडकते व बाहेर कमी जाते, तसा हा प्रकार आहे. शिवाय जमिनीतून काढलेल्या कोळशातील कर्बाची एक ओळख असते. तो कर्ब इतका जुना असतो की त्यातील किरणोत्सर्गी अंश संपून गेलेला असतो. हवेत वाढलेल्या कर्बात हीच ओळख सापडते.

आपल्या देशाचे मस्टरही तयार आहे. भारतीय हवामानखाते १८७५ साली स्थापन झाले आणि १९२८ मध्ये त्याचे मुख्य कार्यालय पुण्यास आले. १९६२ साली पुण्यातच उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था निघाली. त्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात हिंदी महासागराच्या उष्ण पट्ट्यातील पाणी सुमारे १ अंशाने तापले आणि मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे साल देशात सर्वांत उष्ण ठरले.

पाऊण अंश म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण सरासरी थोडी सरकली की टोकाचे दिवस वाढतात, आणि ते दिवस सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाहीत. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने १४ माणसे गेली. मालेगावच्या यंत्रमागावर पत्र्याखाली उभा असणारा कामगार, सिन्नरकडे घरात बसून विड्या वळणारी बाई, रस्त्याच्या डांबरावर काम करणारा मजूर यांना सरासरी तापमान भेटत नाही. त्यांना छपराखालचे व डांबरावरचे तापमान भेटते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या १३ व्या कलमात हवा खेळती ठेवण्याची व तापमान सोसवेल असे राखण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली होती. किती शेडमध्ये ती पाळली गेली, हे कामगारांना ठाऊकच आहे.

आता विजेकडे वळू. विजेचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगतात. कामगाराच्या बाजूने पाहिले तर तो निराळा दिसतो. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते, तेव्हा काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. दिवस लांबलचक होता, पण त्याला मर्यादा होती; सूर्य हाच त्या काळचा फॅक्टरी इन्स्पेक्टर होता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नाने १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. पुढे १९०५ च्या सुमारास सुताला तेजी आली, गिरण्यांत विजेचे दिवे लागले, आणि मालकांनी तोच उजेड वापरून काम चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणले. कामगारांनी विरोध केला, चौकशी समित्या बसल्या, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांना १२ तासांची मर्यादा मिळाली. म्हणजे दिवा आला आणि आधी झोप गेली. कायदा मागाहून आला. दोष दिव्याचा नव्हता. दिव्याचे बटण कोणाच्या हातात, हा प्रश्न होता.

१९१५ मध्ये खोपोली येथे टाटांचे जलविद्युत् केंद्र सुरू झाले आणि सह्याद्रीच्या पावसावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. १९४३ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विजेच्या धोरणासंबंधी बोलताना मालकीचाच प्रश्न पुढे ठेवला: वीज खाजगी असावी की सरकारी? वीज स्वस्त व मुबलक हवी, आणि ती लोकांना दारिद्र्याच्या फेऱ्यातून सोडविण्यासाठी हवी, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. काळारामाच्या दारात १९३० साली ज्यांनी सत्याग्रह उभारला, त्यांचे विजेविषयीचे हे विचार नाशिककरांनी विसरू नयेत. १९४८ च्या वीज कायद्यानंतर राज्यांची मंडळे झाली. महाराष्ट्राचे मंडळ १९६० साली झाले. १९७० नंतर एकलहऱ्याची धुराडी उभी राहिली. विदर्भाचा कोळसा नाशकात येऊन जळू लागला, सातपूर-अंबडचे कारखाने चालू लागले आणि हजारो घरांत चूल पेटती राहिली. याच धुराड्यांनी कॅलेंडरच्या वहीत भर घातली, हेही खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांतली एकच सांगणारा माणूस अर्धे सत्य सांगतो.

छपरावरच्या विजेची गोष्ट याच मालकीच्या प्रश्नातून पाहिली पाहिजे. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनची सौर तबकडी दाखविली. ती उन्हाच्या सुमारे ६ टक्के शक्तीची वीज करी. आजच्या पट्ट्या साधारण २० टक्क्यांच्या पुढे करतात. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ २०१३ मध्ये १२५ मेगावॉटचे सरकारी सौर केंद्र उभे राहिले. २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांसाठी योजना काढली; तीत १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किंवा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. १ किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागते आणि महिन्याला साधारण १२० युनिट वीज मिळते, पावसाळ्यात कमी. दिवसा उरलेली वीज तारेवर जाते व मीटर तिची वजाबाकी करतो. बॅटरी नसलेला साधा संच गावची वीज गेली की बंद पडतो. पुष्कळांना ही खोट वाटते. परंतु खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरचा झटका बसू नये म्हणून ती व्यवस्था आहे.

कोळशाच्या केंद्रात एका युनिटमागे अर्धा किलोहून अधिक कोळसा जळतो व सुमारे एक किलो कर्बवायू निघतो. तेव्हा ज्याला शक्य आहे त्याने गच्चीवर पट्ट्या जरूर बसवाव्यात, असेच आम्ही सांगू. पण शक्य कोणाला आहे? विजेचे दर पायरीपायरीने चढतात. महिना ३०० युनिटांच्या पुढे जाणाऱ्याचे महाग युनिट वाचते. ७० युनिटांत भागविणाऱ्याचे वाचते ते थोडे. ज्याची गच्ची त्याची वीज, असाच नियम राहिला तर भाडेकरू, चाळकरी व झोपडपट्टीतला माणूस उन्हाचा धनी आणि विजेचा पाहुणा राहील. गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक कामांसाठी किलोवॉटला १८,००० रुपयांचे अनुदान त्याच योजनेत आहे. त्याचा उपयोग कामगार वसाहतींनी संस्था म्हणून केला पाहिजे. पहिल्या खर्चासाठी कामगारांच्या पतपेढ्यांनी पुढे यावे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांची छपरे मोठी आहेत. तेथे पट्ट्या बसून मालकाचे बिल कमी होत असेल, तर त्या बचतीतून पत्र्याखाली पंखे व थंड पाणी आले का, हे प्रत्येक वाटाघाटीत विचारले गेले पाहिजे.

आणि एकलहरे. तेथील तीन जुने संच आता चाळिशीच्या पुढे गेले आहेत. आज ना उद्या ते थांबतील. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, तेव्हा जमिनीचे काय करावयाचे याचा विचार झाला. माणसांचा नंतर झाला. तीच पाळी राख उपसणाऱ्या कंत्राटी मजुरावर येता कामा नये. सौर पट्ट्या बसविणे, धुणे, तारा जोडणे हे काम हाताचेच आहे. ते शिकविण्याची सोय आणि ते काम मिळण्याचा हक्क संच बंद होण्यापूर्वी लेखी मिळाला पाहिजे. १९०५ चा दिवा आधी आला आणि कायदा सहा वर्षांनी आला. या खेपेस करार आधी व्हावा, एवढीच कामगारांची मागणी आहे, आणि ती नाशिकमधून सर्वांत आधी उठावी.