खाडी, तर आणि दुचाकी
रेवस ते रेडी या सागरी महामार्गावर शनिवार-रविवारी शंभर-सव्वाशे सीसीच्या दुचाकींचे जथे दिसू लागले असले, तरी या प्रवासाचा इतिहास रस्त्यांपेक्षा खाड्यांचाच अधिक आहे. बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांनी, म्हणजे भरतीचे पाणी आत घेणाऱ्या नदीमुखांनी, किनाऱ्याचे तुकडे पाडले होते. त्यामुळे मुंबईच्या चाकरमान्याला गाव गाठण्यासाठी आगबोट हाच सोयीचा मार्ग होता, आणि पलीकडच्या तीरावर जायला ‘तर’, म्हणजे उतारूंची होडी, धरावी लागे. १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने आणलेली पन्नास सीसीची लूना आणि १९८५ मधील हीरो होंडा सीडी १०० यांनी मध्यमवर्गाला स्वतःचे चाक दिले खरे, परंतु खाडी तशीच आडवी राहिली. २००३ मध्ये दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली, तेव्हा कित्येक कोसांचा वळसा वाचला. बोटीची लोखंडी फळी शेवाळलेल्या धक्क्यावर टेकते आणि दुचाकीस्वार पाय टेकत, पहिल्या गिअरमध्ये, आत चढतात. ‘महामार्ग’ हे नाव या वाटेला जरा उदारपणेच दिलेले आहे. जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या पठारावरून, उतरलेला रस्ता अजूनही काही ठिकाणी थेट पाण्यापाशी संपतो.